माहेर तिकडं न्यायचं

मल्लिनाथला एक खोड आहे. प्रश्न कुणालाही विचारा, उत्तर तो देतो. डॉक्टरनं माझ्या गुडघ्यावर बोट ठेवलं की "दुखतंय" हा म्हणणार. दुकानात मी साडीचा पदर हातात घेतला की "नाही आवडला" हा म्हणणार. पोटचा पोर असला म्हणून काय झालं, माझ्या तोंडात त्याची जीभ कशाला? त्या दिवशी व्हिसाच्या ऑफिसात काचेपलीकडच्या साहेबानं मला विचारलं, "कोण म्हणून जाणार?" मी तोंड उघडायच्या आत ह्यानं सांगून टाकलं, "पाहुणी." उचलली जीभ, लावली टाळ्याला. साहेबानं शिक्का मारला आणि मी पाहुणी झाले.

सोलापूरला घरी येईपर्यंत मला ते कळलं नव्हतं. दारात सून उभी होती. एका हातात गूळ, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या.

"या, बसा," सुवर्णा म्हणाली. "प्रवासात त्रास नाही ना झाला?"

"सुवर्णा, मी तुझी सासू आहे."

"हो की," ती म्हणाली. "मुक्काम कुठवर?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला टोमणा मारता येत नाही, त्यावरनं मीच तिला कितीदा टोमणे मारलेत. ती माझ्या मनगटाकडं बघत होती. तिथं जुन्या गोंदणाच्या खाली माझी जायची तारीख उमटली होती, गोंदणाच्याच रंगात. मी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि पाणी प्याले. पाहुण्यानं नाही म्हणू नये.

आमचं घर साधं. बाहेर बैठकीची खोली, तिच्यामागं स्वैपाकघर, त्याच्यामागं पत्र्याची शेड. शेडमध्ये माझ्या हाताखालच्या बायका शेंगाचटणी कुटतात आणि कडक भाकरी थापतात. शिवगंगाबाईची चटणी म्हटलं की पेठेत कुणी दुसरी पुडी घेत नाही. मी बैठकीच्या खोलीतनं आत गेले तर पुढं स्वैपाकघर नव्हतं. पुढं आणखी एक बैठकीची खोली होती. भिंतीला खुर्च्या, मधे टीपॉय, टीपॉयवर पोह्यांची बशी, वर खोबरं आणि कोथिंबीर. ती ओलांडली तर तिच्यापुढं तिसरी. तिथंही पोहे. मुसळाचा आवाज येत होता, पण लांबनं, दुसऱ्याच्या वाड्यातनं यावा तसा. मी चालत राहिले. पाहुण्याला कुणी आत घेत नाही, आणि हे घराला मी शिकवायची गरज नव्हती.

उन्हं कलली तेव्हा स्वैपाकघर लागलं. मी परातीत हात घातला. ज्वारीचं पीठ दोन्हीकडं सरकलं आणि माझा हात मधल्या रिकाम्या जागेत तसाच राहिला. तांब्यानं हातावर पाणी ओतलं, हात कोरडा. मागं जाऊन मुसळ उचललं आणि उखळात घातलं. आवाज आला नाही. शेंगदाणे जसेच्या तसे. बायकांनी कुटणं थांबवलं आणि एकीनं पदरानं पाट पुसून माझ्यापुढं ठेवला.

"बसा की," ती म्हणाली. "तुम्ही कशाला त्रास घेता?"

मला बसायचं नव्हतं. मला राजश्रीकडं जायचं होतं.

राजश्री माझी धाकटी लेक. तिकडं परदेशात असते. तिला दिवस गेलेत, आता भरत आलेत. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हा आमच्याकडचा रिवाज, माझं झालं, माझ्या आईचं झालं. तिला येता येईना. डॉक्टर विमानात बसू देईनात. मी म्हटलं, मुलगी माहेरी येत नसंल तर माहेरानं तिच्याकडं जायचं. आणि माहेर म्हणजे काय, चार भिंती आणि पत्रा? माहेर म्हणजे मी. माझे हात. पोरीच्या अंगाला तेल लावायचं, पोट बांधायचं, शेगडी करायची, ओव्याचा धूर द्यायचा, बाळाला पाय पसरून पायावर घ्यायचं आणि न्हाऊ घालायचं. ते काही टपालानं पाठवता येत नाही.

मी तिला फोनवर सांगितलं, हात गेले म्हणून. पोरं मला आक्का म्हणतात.

"असू दे, आक्का," राजश्री म्हणाली. "तू नुसती ये. नुसती माझ्याजवळ बस."

"बसायला मी काय भिंतीवरचा फोटो आहे?"

"इथं कुणी नाही गं," ती म्हणाली. "हे सकाळी जातात ते रात्री येतात. मी दिवसभर टीव्हीशी बोलते. बाळ झालं की दुसऱ्या दिवशी घरी पाठवतात म्हणे. मला बाळ धरायला पण येत नाही."

मी फोन ठेवला आणि मल्लिनाथला म्हटलं, चल.

ऑफिस गाठायला गाडी लागली नाही. बैठकीच्या खोल्या एकामागनं एक ओलांडत गेलो तर शेवटच्या खोलीतल्या खुर्च्यांवर माणसं बसली होती आणि भोंग्यातनं नंबर पुकारत होते. टीपॉय तेच, पोहे तेच. कुणी खात नव्हतं. एकेकाच्या मांडीवर एकेक बॅग होती आणि बॅग घट्ट धरून सगळे समोर बघत होते. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. एवढी माणसं एका खोलीत आणि गप्प, असं मी मयताला सुद्धा बघितलं नाही.

काचेपलीकडं तोच साहेब. त्याचे ओठ आधी हलायचे आणि आवाज मागनं यायचा.

"पाहुण्यानं जायचं, भेटायचं, बघायचं, लागलं तर औषधपाणी करून घ्यायचं आणि परत यायचं," तो म्हणाला. "हात लावायचा नाही."

"कशाला?"

"कशालाच."

"बाळाला?"

"बाळाकडं बघता येईल."

"बघून बाळ न्हातं का? मला कामाची बाई म्हणून लिहा. मी कामाला चाललेय."

मल्लिनाथनं माझा दंड धरला. "नाही साहेब, आक्का फिरायला चाललीय. फिरायला."

"फिरायला जायला मी काय गावावरनं ओवाळून टाकलेय?" मी म्हटलं. "आमच्या सात पिढ्यांत कुठली बाई फिरायला गेली नाही. लेकीचं बाळंतपण काम नाही तर काय आहे? तुमच्या आईला विचारा."

साहेबाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "कामाची खिडकी इथं नाही," तो म्हणाला. "इथं पाहुणे, विद्यार्थी आणि देवाणघेवाण. आपण—"

"विद्यार्थी," मल्लिनाथ म्हणाला.

शिक्का बसला.

माझा अंबाडा आपोआप सुटला आणि त्याच्या दोन वेण्या झाल्या. शेवटाला लाल रिबिनी, वर दुमडून बांधलेल्या, शाळेतल्यासारख्या. केस पांढरेच राहिले. मी तिसरीत असताना शाळा सोडली होती, नव्हे, मला काढलं होतं, पाठच्या भावाला सांभाळायला. आता मी पुन्हा तिसरीत होते. परत जाताना खोल्या थोड्या अरुंद वाटल्या. आधी खुर्च्यांच्या मधनं दोघं चालत होतो, आता एकामागं एक.

हात मात्र परत आले. परातीत घातल्याबरोबर पीठ बोटांना चिकटलं. मी हसले. मग त्या पिठाकडं बघत राहिले. त्याचं काय करायचं ते मला आठवेना. आठवेना म्हणजे विसरले असं नव्हे. शिकलेच नव्हते. विद्यार्थ्याला आधीच येत असंल तर तो विद्यार्थी कसला?

सुवर्णा माझ्या शेजारी बसली. तिनं माझ्या तळव्यावर गोळा ठेवला आणि कडा कशी दाबायची ते दाखवलं. माझी भाकरी काठाला फाटली, मधे जाड राहिली, तव्यावर टाकताना दुमडली.

"पुन्हा करा," ती म्हणाली.

मी पुन्हा केली. ती पण तशीच. सुवर्णा "पुन्हा करा" एवढंच म्हणायची. ह्या पोरीला लग्न होऊन आल्यापास्नं मी तव्यासमोर काय काय बोलले असेन, माहेरापास्नं मनगटापर्यंत. त्यातलं एक अक्षर तिनं मला परत दिलं नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. दुपारी तिनं माझ्या भाकऱ्या गुपचूप गाईला घातल्या आणि मला सांगितलं की संपल्या.

राजश्रीचा फोन आला. "आक्का, पाय लई सुजलेत. काय करू? आणि डिंक तळताना फुटतोय बघ, कच्चा राहतोय आतनं."

माझा हात वर गेला. बोलायची परवानगी मागायला. फोन सुवर्णानं माझ्या कानाला धरला होता. तिनं मान हलवली तेव्हा मला बोलता आलं.

"मला अजून तो धडा झाला नाही," मी म्हटलं.

पलीकडं राजश्रीच्या टीव्हीवर कुणीतरी हसत होतं.

"बरं," ती म्हणाली.

त्या "बरं"नं मला उठवलं. पोरीनं माझ्यावर रागवावं, रडावं, भांडावं. माझी पोर मला "बरं" म्हणते म्हणजे तिनं माझा नाद सोडला.

ह्या वेळी मल्लिनाथला सांगितलंच नाही. तो त्याच्या दुकानात गेल्यावर एकटी निघाले. खोल्या आता इतक्या अरुंद झाल्या होत्या की आडवं होऊन चालावं लागत होतं. पोह्यांच्या बशा कमरेला लागून खाली पडत होत्या आणि फुटत नव्हत्या. खुर्च्यांवरची माणसं तीच, बॅगा धरून. एक बाई झोपेत आपल्या बॅगेला थोपटत होती.

खिडकीशी मी हात वर केला. साहेबानं मान हलवली.

"देवाणघेवाणीत काय होतं?"

"तुमचं सगळं तुमच्याकडं राहतं. हात, येतंय ते सगळं, जीभ."

"जीभसुद्धा?"

"जीभसुद्धा."

"मग जातं काय?"

"जागा," साहेब म्हणाला. "तिकडची एक बाई इकडं येईल, तुमच्या जागेवर. ती इथलं शिकेल. तुम्ही तिकडं शिकवाल. लेकीला शिकवलं तरी चालतं. हात लावून शिकवलं तरी चालतं."

"आणि परत आल्यावर?"

"परत आल्यावर बराच काळ इथंच राहावं लागतं. लगेच पुन्हा जाता येत नाही. तो नियम आहे."

"राहीन की. मला कुठं जायचंय? माझं घर आहे."

"घरात ती असेल," साहेब म्हणाला.

"मग मी कुठं राहायचं?"

"घरात," तो म्हणाला, आणि शिक्का शाईत टेकवून माझ्याकडं बघत बसला. पहिल्यांदाच त्याचा आवाज आणि ओठ बरोबर हलले होते.

मी म्हटलं, "मारा."

तिकडची ती बाई दुसऱ्या दिवशी सकाळी आली. उंच, नाकाडोळ्यांनी बरी, डोळे राखी, अंगात पॅन्ट आणि वर लोकरीचं काहीतरी. न सांगता चपला बाहेर काढल्या. मला तेवढं आवडलं. तिचं नाव मला म्हणता आलं नाही आणि माझं तिला. दुपारपर्यंत ती माझ्या इरकलीत होती. रात्रीच्या जेवणाला ती माझ्याएवढी झाली होती. माझा अंबाडा परत आला होता आणि तसाच एक तिच्या मानेवर होता.

शिकवायचं ठरलं होतं, मी शिकवलं. माझ्या अंगात कामचोरी नाही. उखळात आधी दाणे, मग लसूण, मग तिखट, आणि तेल सुटेपर्यंत हात थांबवायचा नाही. दाणे गरम असताना कुटायचे नाहीत. सुनेवर ओरडायचं ते स्वैपाक झाल्यावर, आधी नाही, आधी ओरडलं की मीठ चुकतं. ओरडणं ती सगळ्यात आधी शिकली. सगळेच तसं शिकतात. मी शिकवलेलं माझ्यातनं जात नव्हतं, साहेब खोटं बोलला नव्हता. माझी भाकरी पहिल्यासारखीच पातळ येत होती. फक्त ती कुणी उचलत नव्हतं. शेडमधल्या बायका तिला विचारायच्या, लसूण पुरे का? मी उत्तर द्यायची. त्या तिच्याकडं बघून मान हलवायच्या.

एकदा आम्ही दोघी दाणे पाखडत बसलो होतो. मी तिला विचारलं, "तू तुझं घर टाकून इकडं कशाला आलीस?"

"आमच्याकडं म्हाताऱ्या बायका खिडकीत बसतात," ती म्हणाली. बोली आता आमचीच होती.

"आणि?"

"आणि काही नाही."

मी सूप तिच्याकडं सरकवलं.

मल्लिनाथ दुकानातनं आला, हात धुऊन पाटावर बसला. मी भाकरी वाढली, तिनंही वाढली. त्यानं तिची तोडली. चटणीत बुडवली.

"आक्का, आज झकास झालीय," तो म्हणाला.

"ती मी नव्हे," मी दुसऱ्या बाजूनं म्हटलं.

"माहीत आहे," मल्लिनाथ म्हणाला आणि ताट तिच्यापुढं केलं. "अजून एक दे."

त्या रात्री मला झोपायला जागा शोधावी लागली. माझ्या अंथरुणावर ती होती. पाहुण्यांची वळकटी कपाटावर असते, पण मी आता पाहुणीही नव्हते. तव्याजवळ जमीन गरम होती, तिथं पाठ टेकली.

पहाट झाली आणि फोन वाजला. राजश्री होती. ती काही बोलायच्या आत मला तिचा श्वास ऐकू आला. मी पाच-पंचवीस बायकांचे तसले श्वास ऐकलेत.

"आक्का, सुरू झालं," ती म्हणाली. "हे गाडी काढायला गेलेत, अजून आले नाहीत. मी एकटी आहे."

"दाराला धरून उभी राहा. बसू नको. तोंडानं श्वास सोड. मी निघाले."

डिंकाचे लाडू, ओवा, शेगडी, काढ्याची पुडी, पोट बांधायला जुनं मऊ लुगडं, सगळं गाठोडं तयारच होतं. मी गाठोडं डोक्यावर घेतलं. माझ्यामागं मल्लिनाथ आला, त्याच्यामागं ती आली. खोल्या आता खोल्या राहिल्याच नव्हत्या. बोळ झाला होता. दोन्ही खांदे भिंतींना घासत होते. खुर्च्यांवरची माणसं भिंतीला चिकटून चपटी झाली होती आणि तशीच बॅगा धरून होती. मी त्यांच्या गुडघ्यांना धक्का न लावता पुढं सरकत होते. मागनं मल्लिनाथच्या श्वासाचा आवाज येत होता, आणि त्याच्यामागनं माझ्याच बांगड्यांचा.

खिडकीला लागून एक फाटक होतं. आधी कधी दिसलं नव्हतं. साहेब बाहेर येऊन फाटकाशी उभा होता. काचेशिवाय तो बराच बुटका निघाला.

"एक राहिलंय," तो म्हणाला. "घरच्या माणसानं तोंडानं सांगायचं. राहणारी कोण, जाणारी कोण. त्याशिवाय फाटक उघडत नाही."

आम्ही दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिलो. इरकल तीच, अंबाडा तोच, मनगटावर गोंदण तेच. गाठोडं मात्र माझ्या डोक्यावर होतं. साहेबानं ते खाली ठेवायला लावलं. "गाठोड्यावरनं ओळखायचं नाही," तो म्हणाला. मी त्याच्याशी भांडले नाही. ह्याच्या आधी कुणाशी न भांडता कधी गप्प राहिले ते मला आठवत नाही.

फाटकाच्या फटीतनं गार वारा येत होता. त्या वाऱ्यात राजश्रीचा श्वास होता, लांब, मग आखूड, मग लांब. कळा जवळ येत होत्या. फाटक उघडायलाच पाहिजे होतं. पण मला आणखीही एक पाहिजे होतं आणि ते मी कुणाला बोलले नाही. मल्लिनाथनं थांबावं असं मला वाटत होतं. एकदा हिच्याकडं बघावं, एकदा माझ्याकडं. त्याला लहानपणी कांजिण्या आल्या तेव्हा माझ्या कुशीत तो माझा कान धरून झोपायचा. कान बघितला असता तरी त्याला कळलं असतं. कळल्यावर मग त्यानं काय वाटेल ते सांगावं.

"नीट बघ," मी म्हटलं.

"नीट बघ," ती पण म्हणाली. माझ्याच आवाजात.

साहेबानं घसा साफ केला. "मल्लिनाथ, ह्या दोघींपैकी तुमच्या घरी—"

"ही आमची आक्का," मल्लिनाथ म्हणाला, आणि त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

फाटक उघडलं.

पलीकडं लांब बोळ होता, पांढऱ्या फरशीचा. त्याच्या टोकाला उजेडात राजश्री उभी होती, दोन्ही हातांनी दाराची चौकट धरून, मान खाली घालून. एवढ्या लांबनं ती शाळेतल्या पोरीएवढी दिसत होती. तिच्यामागं कुठंतरी पाणी उकळायला ठेवलं होतं, त्याची वाफ फरशीवरनं माझ्याकडं सरकत येत होती. मी गाठोडं उचललं. माझे तळहात गरम झाले, तेल लावल्यासारखे. मी उंबऱ्यापलीकडं एक पाऊल टाकलं. ते पडलं तशी राजश्री जरा आणखी लांब गेली, की मलाच तसं वाटलं, ते कळलं नाही.

मी वळून बघितलं. मल्लिनाथचा हात तिच्या खांद्यावरच होता. तो माझ्याकडं बघत होता. डोळ्यांत पाणी होतं का मागच्या काचेचा उजेड होता, ते इतक्या अंतरावरनं सांगता आलं नसतं, आणि अंतर वाढत होतं.

"मल्लिनाथ," मी त्याला ऐकू जाईल एवढ्यानं म्हटलं, "मला सोडवायला खोटं बोललास का तुला ते खरंच वाटलं, ते तुझं तुला माहीत. पण साहेबाचा प्रश्न तरी पुरा होऊ द्यायचास. लई लवकर बोललास, बाबा."